घोडं पेंड कुठं खातं?

पाचगणीच्या टेबल लँडवर घोडेवाल्यानं दोरी माझ्या हातात दिली. "बसायचं नाही साहेब, नुसतं चालवून दाखवा." मी ओढलं, पण घोडी जागची हलेना. जोर वाढवला तर तिनं कानच मागं पाडले. "दोरी ढिली सोडा, तिच्या तोंडाकडं बघू नका, सरळ चालायला लागा." तसं केलं, आणि दहाव्या पावलाला तिचा श्वास माझ्या खांद्याशी.

कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना नेतृत्व शिकवायला आता घोडे वापरतात, ते साधारण असंच. रपेट नसतेच, जमिनीवर उभं राहून घोड्याला सोबत न्यायचं, बस्स. घोड्याला हुद्दा कळत नाही, अंग कळतं. मुळात तो शिकार होणारा प्राणी. डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यानं जवळपास ३५० अंशांचं त्याला दिसतं. कळपातल्या एकानं मान ताठ केली की बाकीचे सावध होतात.

बर्लिनचा 'हान्स' घोडा टापा आपटून गणितं सोडवायचा. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञानं त्यातली मेख शोधली. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं आणि घोडा थांबायचा. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसलं की हान्स नापास!

२००९ मधला स्वीडनमधला प्रयोग तर मला त्याहून आवडतो. माणसांनी घोड्यांना चार फेऱ्या चालवलं. चौथ्या फेरीआधी त्यांना सांगितलं, आता वाटेत छत्री उघडणार. छत्री उघडलीच नाही, तरी माणसांबरोबर घोड्यांच्याही हृदयाचे ठोके वाढले.

म्हणजे आरसा चोख आहे. पण त्यात पाहून माणूस चांगला साहेब होतो का? इथं घोडं पेंड खातं. बरेचसे अभ्यास मोजक्या माणसांवरचे, तेही त्यांनाच "कसं वाटलं?" विचारून केलेले. ताण हलका झाला तो घोड्यामुळं, मोकळ्या हवेमुळं की दिवसभर फोन खिशात राहिल्यामुळं, हे त्यातून वेगळं काढता येत नाही. शिवाय दिवसभर अनोळखी हात अंगावर झेलून घोडाही वैतागतो. कान मागं, शेपटीचे फटकारे. मग त्याला सावलीत बांधावं.

सोबत साताऱ्याच्या एमआयडीसीतला एक सुपरवायझर होता. घोडीनं त्याला तीनदा नाकारलं. परतताना पसरणी घाटात तो बराच वेळ गप्प. वाई आल्यावर म्हणाला, "सोमवारी लाइनवर कोणाकोणाचे कान मागं पडलेत, बघतो."