गंगापूरचं पाणी मुंबईला जात नाही

उन्हाळ्यात पाणीकपात लागली की नाशिकमध्ये हमखास ऐकू येतं: "आपलं गंगापूरचं पाणी मुंबई पिते." हे खरं नाही. गंगापूर धरण गोदावरीवर आहे आणि गोदावरी पूर्वेला वाहते. गंगापूर आणि दारणेतून सोडलेलं पाणी पैठणच्या जायकवाडीकडे जातं. त्याचा वाद आहे तो मराठवाड्याशी.

मग हा समज आला कुठून? वैतरणेवरून. ती त्र्यंबकेश्वर परिसरातच उगम पावते, पण घाट उतरून अरबी समुद्राकडे जाते. तिच्यावरचं ऊर्ध्व वैतरणा धरण आपल्याच जिल्ह्यात आहे आणि ते मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांपैकी एक आहे. म्हणजे जिल्ह्याचं पाणी मुंबईला जातं, हे अर्धं खरं. मात्र सात जलाशयांच्या एकूण साठ्यातला जवळपास निम्मा वाटा ठाणे जिल्ह्यातल्या भातसाचा. विहार आणि तुळशी तर मुंबईतच आहेत.

ज्यांची जमीन वैतरणेच्या धरणाखाली गेली, त्यांची मुंबईवरची तक्रार रास्तच आहे, आणि ती जोरात मांडली पाहिजे. नाशिक शहराच्या नळाला पाणी का येत नाही, याचा जाब मात्र इथल्याच पालिकेला विचारायला हवा.