कुंडीतला काळा एल्डर

इंग्लंडमध्ये शेताच्या बांधावर, रेल्वेरुळांच्या कडेला एल्डर हा झुडूपवजा वृक्ष आपसूक उगवतो आणि त्याच्याकडे कुणी फारसं बघत नाही. केंटमधल्या ईस्ट मॉलिंग संशोधन केंद्रात त्याच्यापासूनच तयार झालेली ‘ब्लॅक लेस’ ही जात मात्र नजर खिळवते. पानं बारीक कातरलेली, जवळजवळ काळी. जूनच्या सुमारास त्यांवर गुलाबी फुलांचे चपटे, पसरट गुच्छ येतात.

हे पान खरं तर हिरवंच असतं. हरितद्रव्य आपलं काम करत असतं, पण त्याला अँथोसायनिन झाकून टाकतं. जांभळाने जीभ रंगते तीही याच गटातल्या रंगद्रव्यांनी. उजेड भरपूर मिळाला की पानात ते जास्त तयार होतं. म्हणून सावलीतला ब्लॅक लेस हिरवट पडतो. कुंडीची हीच सोय, ती उन्हात सरकवता येते.

खरा पेच छाटणीचा. फुलं येतात गेल्या वर्षीच्या काड्यांवर. फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळ्या काड्या बुंध्यालगत कापल्या, तर मुळांतला साठा मोजक्या डोळ्यांना मिळतो. फूट जोमदार येते, पानं मोठी होतात, पण त्या वर्षी फुलं नाहीत. मला दोन्ही हवं असतं, म्हणून मी दरवर्षी सर्वांत जुन्या काड्यांपैकी साधारण एक तृतीयांश काढावी असं सांगेन. कापलेली काडी जरूर बघा. आत पांढरा, मऊ गाभा दिसतो, बाशिंगाच्या भेंडासारखा हलका. १७५४ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ जॉन कॅन्टन यांनी विद्युतभार ओळखायला दोऱ्याला टांगलेल्या गोळ्या वापरल्या, त्या अशाच गाभ्याच्या. पुढे प्रयोगशाळांत एल्डरच्या गाभ्याला मोठी मागणी होती.

कुंडी ४५ ते ५० सेंटिमीटर रुंद आणि वजनदार घ्या, नाहीतर वाऱ्याने कलंडते. एल्डरची मुळं उथळ पसरतात आणि पानांतून पाणी भराभर उडतं, त्यामुळे उन्हाळ्यात रोज पाणी लागतं. पानांच्या कडा करपू लागल्या की आधी माती चाचपून बघा.

घरात लहान मुलं असतील तर जपा. पानं, काड्या आणि कच्ची फळं यांत सांबुनिग्रिन असतं, त्यापासून पोटात सायनाइड सुटतं. पिकलेली फळंही शिजवूनच खायची. ती भरपूर हवी असतील, तर परागीभवनासाठी जवळपास दुसऱ्या जातीचा एल्डर असलेला बरा.