अंगणवाडी कार्यकर्त्यांचे मानधन व शासकीय साहाय्य (बेळगाव सीमाभाग)

सहा वर्षांखालील मुलांचे पोषण, देखभाल व पूर्वप्राथमिक शिक्षण ज्यांच्या हाती असते, त्या अंगणवाडी कार्यकर्ती व साहाय्यिका यांना सार्वजनिक निधीतून मिळणारे मानधन, प्रशिक्षण, विमा, ग्रॅच्युइटी आणि केंद्र चालवण्यासाठीचे अनुदान यांची व्यवस्था. महाराष्ट्रात ज्यांना सेविका व मदतनीस म्हणतात, त्यांना बेळगावकडची मराठी वृत्तपत्रे कार्यकर्त्या व साहाय्यिका म्हणतात. पोरांच्या तोंडी मात्र ‘टीचर’ किंवा ‘बाई’. प्रस्तुत नोंद मुख्यतः बेळगाव, खानापूर, निपाणी व चिकोडी या तालुक्यांतील मराठी वस्तीपुरती आहे. बीदरचा उल्लेख केवळ फरक दाखवण्यासाठी केला आहे.

पूर्वपीठिका : एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली. कर्नाटकातील पहिला प्रकल्प म्हैसूर जिल्ह्यातील टी. नरसीपूर येथे होता. बेळगाव परिसरातील बालवाड्यांची परंपरा त्याहून जुनी आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा भाग मुंबई राज्यात असल्याने त्या परंपरेच्या उगमाविषयी दोन मते मांडली जातात. पहिल्या मतानुसार तिचे मूळ ताराबाई मोडक (१८९२–१९७३) व गिजुभाई बधेका यांच्या कार्यात आहे. १९२६ मध्ये स्थापन झालेला नूतन बालशिक्षण संघ, १९४५ पासूनचे बोर्डी येथील काम आणि पुढे कोसबाडला अनुताई वाघ यांच्यासह केलेले प्रयोग, ही ती परंपरा. मुलाने शाळेकडे येण्याची वाट न पाहता शाळेनेच त्याच्या अंगणात जावे, हा विचार याच प्रयोगांतून पुढे आला.

दुसरे मत प्रशासकीय इतिहासावर भर देते. १९५२ पासूनचे समुदाय विकास कार्यक्रम आणि १९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झालेले केंद्रीय समाजकल्याण मंडळ यांनी महिला मंडळांना अनुदाने देऊन गावोगाव बालवाड्या उघडल्या आणि पुढच्या सरकारी योजनेने तोच साचा उचलला, असे या मताचे अभ्यासक मानतात. दोन्ही मते परस्परविरोधी समजण्याचे कारण नाही. अध्यापनाची पद्धत पहिल्या धाग्यातून आली असावी, पैशाची रीत दुसऱ्या. स्वयंसेवी संस्थेने नेमलेल्या बाईंना पगार न देता अल्प ‘मानधन’ द्यावे, ही अनुदानाच्या काळातली सोय होती. सरकारने १९७५ मध्ये योजना स्वतःच्या हाती घेतली, तरी ही सोय तशीच ठेवली. आजचे बहुतेक वाद त्या एका सोयीतून निघालेले आहेत, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.

निधीची रचना : आरंभी कार्यकर्तीला शिक्षणानुसार महिना १०० ते १५० रुपयांच्या आसपास मानधन असे. केंद्र सरकारने ते १ एप्रिल २०११ पासून ३,००० व १ ऑक्टोबर २०१८ पासून ४,५०० रुपये केले. साहाय्यिकेसाठी हेच आकडे अनुक्रमे १,५०० व २,२५० असे आहेत. मिनी अंगणवाडीच्या (लहान वस्तीतील छोट्या केंद्राच्या) कार्यकर्तीचे मानधन २०१८ मध्ये ३,५०० ठरले. ४,५०० ही रक्कम सगळी केंद्राची असते असा सार्वत्रिक समज आहे, तो बरोबर नाही. २०१५-१६ पासून योजनेच्या बहुतेक घटकांत केंद्र व राज्य यांचा वाटा ६०:४० आहे. म्हणजे ४,५०० पैकी केंद्राचे २,७०० व राज्याचे १,८००. साहाय्यिकेच्या २,२५० पैकी केंद्राचे १,३५० व राज्याचे ९००. पूरक पोषणाचा खर्च मात्र निम्मा-निम्मा आहे. त्याआधी, २००९-१० नंतरच्या काही वर्षांत, पोषणेतर खर्चाचे प्रमाण ९०:१० होते. वाटणी बदलल्यामुळे राज्याच्या तिजोरीवर भार आला. कार्यकर्तीच्या हाती पडणाऱ्या रकमेचा दर त्यामुळे वाढला नाही.

यावर राज्य स्वतःच्या तिजोरीतून जी भर घालते, तिला केंद्राच्या दराचे बंधन नाही. कर्नाटकाने २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात सेवेच्या वर्षांप्रमाणे वाढ दिली : दहा वर्षांखालील सेवेला १,०००, दहा ते वीस वर्षांना १,२५० आणि त्यापुढे १,५०० रुपये. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात कार्यकर्त्यांना १,००० व साहाय्यिकांना ७५० रुपयांची वाढ जाहीर झाली. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने कार्यकर्त्यांना १५,००० रुपयांचे आश्वासन दिले होते, त्या तुलनेत संघटनांनी ही वाढ तुटपुंजी मानली. सेवेच्या वर्षांनुसार चढत जाणाऱ्या रकमेला ‘मानधन’ म्हणत राहणे जरा अवघड जाते. २०२२-२३ चा तो निर्णय घेताना शासनाच्या हे ध्यानात आले होते की नाही, हे सांगता येणार नाही.

कायदेशीर दर्जा : हा मुद्दा मुळात कर्नाटकाचाच, म्हणून थोडा विस्ताराने देणे इष्ट. अंगणवाडी कार्यकर्ती ही राज्याच्या सेवेतील ‘नागरी पद’ धारण करते काय, हा प्रश्न राज्याच्या प्रशासकीय न्यायाधिकरणातून सर्वोच्च न्यायालयात गेला. कर्नाटक राज्य विरुद्ध अमीरबी या प्रकरणात ७ डिसेंबर २००६ रोजी न्यायालयाने नकारार्थी उत्तर दिले. ही पदे कोणत्याही कायद्याने निर्माण झालेली नाहीत, त्यांना सेवाभरतीचे नियम लागू नाहीत आणि कार्यकर्तीला निवडणूक लढवण्याचीही मुभा आहे, ही त्यामागची प्रमुख कारणे. पुढे कायम नेमणूक, किमान वेतन, निवृत्तिवेतन यांपैकी कोणतीही मागणी आली की शासकीय उत्तरात हा निकाल हमखास उद्धृत होऊ लागला. सीमाभागात निवडणूक लढवण्याच्या मुभेला स्थानिक अर्थही आहे, कारण ग्रामपंचायतीच्या राजकारणात भाषेचा प्रश्न नेहमीच असतो.

२५ एप्रिल २०२२ रोजी मणिबेन मगनभाई भारिया प्रकरणात न्या. अजय रस्तोगी व न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने वेगळी दिशा घेतली. प्रकरण गुजरातमधील दाहोदचे. पण परिणाम देशभर. अंगणवाडी केंद्र ही ग्रॅच्युइटी कायदा, १९७२ च्या अर्थाने ‘आस्थापना’ आहे आणि मानधन हे त्या कायद्यापुरते वेतनच आहे, असा निर्णय झाला. अन्नसुरक्षा कायदा, २०१३ ने अंगणवाडीवर टाकलेली वैधानिक जबाबदारी व शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ११ मधील पूर्वप्राथमिक शिक्षणाची तरतूद यांचा आधार त्यात घेतलेला आहे. अमीरबीचा निकाल न्यायाधिकरणाच्या अधिकारक्षेत्रापुरता होता, अशी त्याची मर्यादा आखली गेली. काही भाष्यकार दोन निकालांत विसंगती पाहतात. ती फारशी नाही : पहिला निकाल पदाविषयी आहे, दुसरा कामाविषयी. तथापि काम हे काम म्हणून मान्य झाल्यावर पद नाकारण्याचा युक्तिवाद किती काळ टिकेल, याची शंका दुसऱ्या निकालपत्राच्या वाचनातून येतेच.

ग्रॅच्युइटी कायद्याप्रमाणे (नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे) किमान पाच वर्षांच्या सेवेनंतर दर वर्षासाठी १५ दिवसांचे वेतन देय होते. २०२३ च्या आरंभी बंगळूरच्या फ्रीडम पार्कवर झालेल्या दीर्घ धरण्यात ग्रॅच्युइटी ही प्रमुख मागणी होती आणि त्या वर्षी राज्याने ती तत्त्वतः मान्य केली. आधीच निवृत्त झालेल्यांचा प्रश्न मागणीपत्रकांत राहिला. साठाव्या वर्षी सेवा संपते.

भाषेचा प्रश्न : सीमाभागात या व्यवस्थेचे वेगळेपण इथे आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५०-अ नुसार (सातवी घटनादुरुस्ती, १९५६) भाषिक अल्पसंख्याक मुलांना ‘प्राथमिक टप्प्यावर’ मातृभाषेतून शिक्षणाची सोय करावयाची असते. त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणीत मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत, मराठी शिक्षकांची मंजूर पदे आहेत आणि कर्नाटक राज्य मराठी पाठ्यपुस्तके छापते. अंगणवाडी शिक्षण खात्याकडे नसून महिला व बालकल्याण खात्याकडे आहे, आणि तिला ‘माध्यम’ अशी बाबच नाही. प्राथमिक टप्पा पहिलीपासून धरावा की तीन वर्षांच्या मुलापासून, यावर मतभेद आहेत. शब्दशः अर्थ पहिलीच्या बाजूने जातो. मात्र २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ४५ मध्ये सहा वर्षांपर्यंतच्या बालशिक्षणाची जबाबदारी राज्यावर टाकली. दोन्ही अनुच्छेद एकत्र वाचणे अधिक योग्य वाटते.

व्यवहारात याचा अर्थ असा. खानापूर तालुक्यात कणकुंबी-जांबोटीकडच्या गावात सकाळी मुले जमतात, बाई त्यांच्याशी मराठीत बोलतात, बडबडगीते मराठी, गोष्ट मराठी. त्याच बाई दुपारी हजेरीपट, वजनाची नोंदवही, धान्यसाठ्याची वही कन्नडमध्ये भरतात, कारण सुपरवायझर व सीडीपीओ (बालविकास प्रकल्प अधिकारी) कार्यालयाला ती कन्नडमध्ये लागते. राज्याचे ‘चिलीपिली’ हे पूर्वप्राथमिक उपक्रमांचे साहित्यही मुळात कन्नडच. त्यातले मराठीत किती आणायचे, हे ज्या त्या बाईंच्या तयारीवर राहते. या दुहेरी कामाचा मोबदला कोणत्याही शीर्षाखाली दिला जात नाही. १ मार्च २०२१ पासून वापरात आलेल्या केंद्राच्या पोषण ट्रॅकर ॲपमध्ये मराठी निवडता येते, ही सुधारणा खरी. तपासणी होते ती मात्र कागदावरच.

निवडीच्या अटींत स्थानिक रहिवास, वय १९ ते ३५, कार्यकर्तीसाठी पीयूसी (बारावी) व साहाय्यिकेसाठी दहावी या प्रमुख आहेत. पूर्वी अनुक्रमे दहावी व चौथीही पुरेशी होती. अलीकडच्या अधिसूचनांत दहावीला कन्नड ही प्रथम वा द्वितीय भाषा असल्याची अट आढळते. मराठी माध्यमातून शिकलेल्या जुन्या पिढीतील काहींनी कन्नड तृतीय भाषा म्हणून घेतली होती, त्यांना ती अडते. अल्पसंख्याकांचे प्रमाण पंचवीस टक्क्यांहून अधिक असलेल्या वस्तीत त्यांची भाषा जाणणाऱ्या उमेदवाराचा विचार करण्याची तरतूदही आहे. २०२४ मध्ये चिकमगळूर जिल्ह्यातील मुडिगेरे येथील उर्दूच्या निमित्ताने ती वादात सापडली; सीमाभागातील मराठीच्या संदर्भात तिची चर्चा तुलनेने कमी होते, हे आश्चर्याचे आहे.

प्रशिक्षण व अन्य साहाय्य : नव्या कार्यकर्तीस प्रारंभिक, कार्यविषयक व उजळणी अशी तीन प्रकारची प्रशिक्षणे असतात. राष्ट्रीय शिक्षण धोरण, २०२० ने बारावी झालेल्यांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम व इतरांसाठी एक वर्षाची पदविका सुचवली. २०२३ पासून ‘पोषण भी पढाई भी’ हा केंद्राचा प्रशिक्षण उपक्रम आहे. २००४ पासून आयुर्विमा महामंडळामार्फत कार्यकर्ती विमा योजना होती, पुढे पंतप्रधानांच्या नावाच्या विमा योजनांशी ती जोडली गेली. फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात आयुष्मान भारतचे छत्र त्यांना देण्याचे जाहीर झाले. गणवेशासाठी वर्षाला दोन साड्या मिळतात.

इमारतीसाठी रोजगार हमीशी सांगड घालून प्रति केंद्र १२ लाख रुपये धरले जातात : ८ लाख रोजगार हमीचे, २ लाख वित्त आयोगाचे, २ लाख केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाकडून (हा शेवटचा हिस्सा केंद्र-राज्य वाटणीत येतो). जंगलातल्या लहान वस्त्यांना मिनी अंगणवाडी १५० लोकसंख्येपासून मिळू शकते. डिसेंबर २००६ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार सहा वर्षांखालील चाळीस मुले असलेली वस्ती मागणी करूनही केंद्र मिळवू शकते.

अंड्यांची बाब छोटी, पण कार्यकर्त्यांच्या बोलण्यात सर्वाधिक येते. अंडी स्थानिक बाजारातून घ्यायची, पैसे बालविकास समितीच्या खात्यावर येणार. खात्यावरचा दर ठरलेला, दुकानातला रोज हलता. थंडीत अंड्याचा भाव वाढला की फरक आणि पैसे यायला लागलेला उशीर दोन्ही बाईंच्या पर्सवर पडतात, म्हणजेच त्याच मानधनावर. मतदार यादीचे काम व गृहलक्ष्मीसारख्या योजनांची मदत ही आणखी वेगळी.

सीमेपलीकडील तुलना : चंदगड किंवा कागल तालुक्यात हेच काम करणाऱ्या सेविकेला महाराष्ट्राने एप्रिल २०२३ पासून १०,००० रुपये, मदतनिसाला ५,५०० रुपये लागू केले, तिथे दिवाळीत भाऊबीज भेटही मिळते. महाराष्ट्र शासन दावा सांगितलेल्या ८६५ गावांसाठी आरोग्य योजनेसारखे काही लाभ जाहीर करते, त्यांवर कर्नाटक आक्षेप घेते. अंगणवाडीचे मानधन त्या लाभांत येत नाही आणि येऊही शकणार नाही, कारण ते कामाबद्दल आहे, रहिवासाबद्दल नव्हे.

बीदरची स्थिती वेगळी आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१-जे नुसार विशेष तरतुदी असलेल्या कल्याण कर्नाटक प्रदेशात तो जिल्हा येतो, बेळगाव येत नाही. २०२४ मध्ये त्या प्रदेशाच्या विकास मंडळाच्या निधीतून सरकारी शाळांत एलकेजी-यूकेजी वर्ग उघडण्यात आले. तीन ते सहा वयाची मुले शाळेकडे गेली तर अंगणवाडी रिकामी होईल, या भीतीने कार्यकर्त्यांनी विरोध केला. त्यानंतर अंगणवाडीतच माँटेसरी वर्ग सुरू करण्याचा तोडगा शासनाने काढला आणि आरंभ बंगळूरपासून केला. खात्याच्या मंत्री लक्ष्मी हेब्बाळकर या बेळगाव ग्रामीणच्याच आमदार असल्याने जिल्ह्यातील संघटनांचे लक्ष त्यांच्याकडे असते. डिसेंबरमध्ये बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात विधिमंडळाचे अधिवेशन भरले की बस्तवाड व कोंडसकोप्प येथील आंदोलनाच्या मंडपांत कार्यकर्त्यांची धरणी होतात. घोषणा कन्नडमध्ये असतात. सीमाभागातून आलेल्या मराठी कार्यकर्त्याही त्याच देतात, कारण संघटनेची मागणीपत्रके दोन्ही भाषकांसाठी एकच आहेत : नियमित नेमणूक, किमान वेतन, निवृत्तिवेतन. २०१३ च्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने योजना-कामगारांना (अंगणवाडीसारख्या सरकारी योजनांत मानधनावर काम करणाऱ्यांना) ‘कामगार’ मानण्याची जी शिफारस केली होती, तिचाच आधार या मागण्यांना घेतला जातो. नोंदवह्या मराठीत असाव्यात ही मागणी मराठी संघटनांच्या निवेदनांत येते, कामगार संघटनेच्या यादीत ती नसते.