टेलिहँडलर मागवताना वजनासोबत अंतरही सांगा

टेलिहँडलर म्हणजे लांब होणाऱ्या हाताने माल उचलून वर किंवा पुढे ठेवणारं मशीन. ते मागवायला शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलहून फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "मशीन किती टनाचं?" आमच्या दृष्टीने हा अर्धाच प्रश्न आहे. मशीनवर 4 टन लिहिलेलं असतं ते बूम, म्हणजे हा लांब होणारा हात, आत असताना. बूम पूर्ण पुढे काढला की बहुतेक मॉडेलची क्षमता पाव हिश्श्यावर, कधी त्याहून खाली येते. माल पुढे, मशीनचं वजन मागे आणि टेकू पुढच्या चाकांचा. माल चाकांपासून जितका लांब, तितकं मशीन पुढे कलंडायला बघतं.

सिमेंटची 40 पोती म्हणजे 2 टन. ट्रकवरून उतरवायला काहीच अडचण नाही. त्याच पोत्यांचं पॅलेट दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबवर चार मीटर आत ठेवायचं असेल, तर आधी केबिनमधला लोड चार्ट (किती अंतरावर किती वजन चालतं याचा तक्ता) बघावाच लागतो. म्हणून वजन, उंची आणि मशीन भिंतीच्या किती जवळ येऊ शकतं, या तिन्ही गोष्टी आम्हाला कळवा.

बाहेर काढलेला बूम तसाच खाली घेतला, तर माल खाली येता येता पुढेही सरकतो आणि मशीनवरचा ताण वाढतो. म्हणून आमचा ऑपरेटर आधी बूम आत घेतो, मगच खाली. यात चार मिनिटं जास्त गेली तरी त्याला घाई करू नका, ही कळकळीची विनंती.

धोक्याचा अलार्म असतो, पण तो पुढे कलंडण्यापुरता. बाजूचा कल त्याला सहसा कळत नाही. 12 मीटर उंचीवर फक्त एका अंशाचा कल असला, तरी माल सुमारे 20 सेंटिमीटर बाजूला जातो. त्यामुळे बूम वर नेण्याआधी मशीन लेव्हलला हवंच. आपल्याकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात एका बाजूची चाकं नकळत रुततात. मुरूम टाकून, रोलर फिरवून जागा पक्की करून ठेवा. नुकत्याच बुजवलेल्या चरावर मशीन उभं राहणार नाही.

माल घेऊन फिरताना बूम आत आणि फोर्क (माल पेलणारे पुढचे काटे) जमिनीलगत. मालाखाली कोणी थांबायचं नाही, फोर्कवर माणूस चढवायचा नाही.

साइटवरून विजेच्या तारा जात असतील तर बुकिंग करतानाच सांगा. बूम तारांजवळ जाणार असेल, तर महावितरणकडून लाइन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत काम सुरू होणार नाही.