कोकणातल्या लहान धंद्याला जीएसटीची कंपोझिशन योजना: कोणी घ्यावी, अर्ज कसा करावा

आगळ, आंबापोळी, मालवणी मसाला, खाजं बनवून विकणाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो: जीएसटी नंबर काढायलाच हवा का? महाराष्ट्रात नुसता माल विकत असाल आणि वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल, तर साधारणपणे नाही. सेवा असेल तर ही मर्यादा २० लाख. स्वतःच्या बागेतला हापूस पेट्या भरून विकणाऱ्या बागायतदाराला तर नोंदणी लागतच नाही. तेव्हा कोणी घाई केली तरी आधी वहीतली विक्री बघा.

बांदा, दोडामार्ग, सावंतवाडीकडच्यांनी मात्र सावध राहावं. म्हापशाच्या दुकानदाराला मसाल्याची खोकी पाठवलीत की ती आंतरराज्य विक्री झाली. तिथे ४० लाखांची सूट नाही, पहिल्या खोक्यापासून नोंदणी लागते, आणि कंपोझिशन, म्हणजे विक्रीवर ठरावीक टक्क्याने कर भरण्याची लहान धंद्यांसाठीची सोपी योजना, तीही मिळत नाही. गोव्याचा पर्यटक तुमच्या दुकानातून पिशवी भरून घेऊन गेला आणि बिलावर त्याचा गोव्याचा पत्ता नसेल, तर ती इथलीच विक्री.

मागच्या वर्षीची उलाढाल दीड कोटीच्या आत असलेल्यांना कंपोझिशन घेता येते. विक्रीवर उत्पादक आणि व्यापाऱ्याला १ टक्का, खानावळीला ५ टक्के. निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. निव्वळ सेवा असेल तर ६ टक्के, आणि मर्यादा ५० लाख. आइस्क्रीम, सोडावॉटर, विटा आणि मातीची कौलं बनवणाऱ्यांना ही योजना नाही.

दर कमी दिसतो, पण हा कर गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही. तो तुमच्या खिशातून जातो. बाटल्या, बरण्या, लेबलांवर भरलेल्या कराचं क्रेडिटही मिळत नाही, म्हणजे खरेदीवर भरलेला तो कर विक्रीवरच्या करातून वजा करता येत नाही. काउंटरवर सुटी विक्री करणाऱ्याला हे परवडतं. मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्याला माल देणाऱ्याला बहुधा नाही, कारण तुमच्या बिलावर त्याला क्रेडिट मिळत नाही.

काजू कारखानदारांनी तर नीट हिशेब मांडावा. शेतकऱ्याकडून काजू बी घेतली की तिच्यावरचा ५ टक्के कर नोंदणीकृत खरेदीदारालाच भरावा लागतो. १० लाखांची बी घेतली तर ५० हजार. नियमित नोंदणीत हे ५० हजार क्रेडिट म्हणून जमा होतात आणि गर विकताना वळते होतात. कंपोझिशनमध्ये ते बुडतात, वर विक्रीचा १ टक्का आहेच. माझ्या मते शेतकऱ्याकडून बी घेऊन गर काढणाऱ्याने कंपोझिशनच्या वाटेला जाऊ नये.

अर्ज जीएसटीच्या संकेतस्थळावर होतो, सरकारी फी नाही. नवीन नोंदणी करताना त्याच अर्जात कंपोझिशनचा पर्याय निवडायचा. आधीपासून नंबर असेल तर सीएमपी-०२ हा फॉर्म ३१ मार्चपूर्वी भरावा, म्हणजे नव्या आर्थिक वर्षापासून योजना लागू होते. हातातल्या साठ्यावर घेतलेलं क्रेडिट परत करावं लागतं, त्यासाठी आयटीसी-०३ हा फॉर्म. एकाच पॅनवर दोन धंदे असतील तर दोन्ही योजनेत येतात, एक आत एक बाहेर चालत नाही.

पॅन, आधार, फोटो, बँकेचं पासबुक किंवा रद्द केलेला चेक, आणि धंद्याच्या जागेचा पुरावा लागतो. आपल्याकडे अडतं ते इथेच. घरपट्टी आजोबांच्या नावावर, लाइट बिल काकांच्या, आणि काका मुंबईला. जागा दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचं संमतीपत्र आणि लाइट बिल किंवा घरपट्टीची पावती जोडावी. आजोबा वारले असतील तर ग्रामपंचायतीत वारसांची नावं लावून घेण्याचं काम अर्जाच्या आधी हाती घ्या. आधार पडताळणी टाळू नका. नाहीतर अधिकारी जागा बघायला येतात आणि मुदत ३० दिवसांपर्यंत जाते.

नंबर मिळाल्यावर कर दर तिमाहीला सीएमपी-०८ मधून, पुढच्या महिन्याच्या १८ तारखेपर्यंत. वर्षाचं विवरणपत्र जीएसटीआर-४. बिलाला ‘बिल ऑफ सप्लाय’ म्हणायचं, त्यावर कंपोझिशन करदाता असल्याचं आणि कर आकारता येत नसल्याचं छापायचं, आणि दुकानाच्या पाटीवरही कंपोझिशन करदाता असं लिहायचं.