वाकवलेली प्लेट कमजोर होते का?

ऑपरेशनच्या वेळी हाडाच्या आकाराप्रमाणे धातूची प्लेट वाकवून बसवतात हे कळलं की बऱ्याच जणांच्या पोटात गोळा येतो, वाकवली म्हणजे कमजोर झाली असणार. पण बेतानं एकदा वाकवलेला धातू त्या जागी उलट जास्त कडक होतो. तीच जागा पुन्हा सरळ करणं, परत वाकवणं, हे मात्र वाईट, म्हणून सर्जन ते टाळतात.

आता आत काय होतं ते बघा, मला यातला सगळ्यात भारी भाग हाच वाटतो. धातू म्हणजे बारीक बारीक कण, आणि प्रत्येक कणात अणू ओळीनं लावलेले. पण एखादी ओळ मधेच संपते, त्या दोषाला डिसलोकेशन म्हणतात. टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी 1934 साली वेगवेगळं काम करून ही कल्पना मांडली. जोर लावला की हा दोष सरकतो, अणू थोडे थोडे करून जागा बदलतात, म्हणूनच धातू तुटायच्या ऐवजी वाकतो. आणि वाकताना नवे दोष तयार होत जातात! मऊ धातूत एका चौरस सेंटीमीटरमधून दहा लाख ते काही कोटी डिसलोकेशन जातात, भरपूर दाबल्यावर तोच आकडा लाख कोटीपर्यंत जातो. मग ते एकमेकांत अडकतात, पुढे सरकायला वावच राहत नाही, आणि धातू कडक होतो.

अशा प्लेट बऱ्याचदा टायटॅनियमच्या असतात. टायटॅनियममधे डिसलोकेशन सरकायच्या सोयीच्या दिशा कमी, त्यामुळे तिथे ट्विनिंगही होतं, म्हणजे कणाचा एक पट्टा आरशातल्या प्रतिमेसारखा कलतो आणि त्याची कडही डिसलोकेशनला अडवते.

शुद्ध टायटॅनियमची कांडी काटकोनात वळलेल्या साच्यातून पुन्हा पुन्हा ढकलली, तर कांडीची जाडी तीच राहते पण डिसलोकेशनच्या भिंती बनत जातात, त्या भिंतींच्या कणसीमा, म्हणजे दोन कणांमधल्या हद्दी, होतात, आणि दहा-वीस मायक्रोमीटरचे कण काहीशे नॅनोमीटरवर येतात, यालाच नॅनो टायटॅनियम म्हणतात. ताकद दुपटीच्या आसपास जाऊ शकते, तीही ताकदीसाठी एरवी मिसळतात ते ॲल्युमिनियम, व्हॅनेडियम न मिसळता.

पण 'नॅनो टायटॅनियम हाडासारखं' असल्या जाहिरातींना भुलू नका. दाबून ताकद वाढते, पण ताठपणा, म्हणजे जोर लावल्यावर तात्पुरतं किती कमी लवतं ते, जवळपास तेवढाच राहतो, शंभरेक गिगापास्कल (ताठपणा मोजायचं एकक), कारण अणूंमधले बंध तेच असतात. कठीण हाडाचा ताठपणा साधारण 10 ते 30. ही तफावत कमी करायची तर अणूच बदलावे लागतात, नायोबियम, टँटलम हे धातू मिसळलेले बीटा टायटॅनियम (अणूंची मांडणी वेगळी असलेले) मिश्रधातू त्यासाठीच आहेत, त्यातले काही 60 च्याही खाली येतात.