बेस गिटार

बेस गिटार : खर्जाचं विद्युत तंतुवाद्य. गिटारसारखं आडवं, गळ्यात पट्टा अडकवून वाजवतात, मान लांब, तारा जाड आणि बहुतेक वेळा चार. तारा ई, ए, डी, जी अशा लावतात, म्हणजे गिटारच्या चार जाड तारा जशाच्या तशा, फक्त एक सप्तक खाली. मोकळ्या ई तारेची कंपनसंख्या ४१.२ हर्ट्झ, जी तारेची ९८. पाश्चात्त्य स्वरलिपीत मात्र ऐकू येतं त्याच्या एक सप्तक वर लिहितात, नाहीतर सगळे ठिपके रेघांच्या खाली लोंबकळत राहिले असते. मराठीत कुणी बेस लिहितं कुणी बास, इथे बेस घेतलंय. वाद्य दिसतं कसं हे सांगत बसत नाही, बँडमध्ये लोक ज्याच्याकडे सगळ्यात शेवटी बघतात त्याच्या हातात असतं ते.

उगम : यावर भरपूर वाद आहे म्हणून जरा सविस्तर. सरसकट सांगितलं जातं ते असं की कॅलिफोर्नियातल्या फुलरटनला गिटार-अँप बनवणाऱ्या लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला आणि तिथून हे वाद्य सुरू झालं. नमुन्यांवर काम आधीपासून चालू असणार, विक्री १९५१ च्या शेवटाकडे सुरू झाली असं धरायला हरकत नाही. पण सिॲटलच्या पॉल टुटमार्क नावाच्या माणसाने यातलं बरंचसं १९३६-३७ च्या सुमारास करून ठेवलं होतं. हा माणूस हवाईयन गिटार वाजवायचा, शिकवायचा. आधी त्याने साधारण सेलोएवढा उभा विद्युत बेस बनवून पाहिला आणि मग आकार लहान करत करत आडवा, भरीव लाकडाचा, पडदे (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बसवलेला ऑडिओव्हॉक्स ७३६ काढला. किंमत ६५ डॉलरच्या आसपास, अँप (आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर) वेगळा घ्यायचा. नाव ठेवलं बेस फिडल, आता त्यात फिडलसारखं काय होतं ते त्यालाच माहीत. शंभरेक नग बनले असावेत असा अंदाज करतात, आज हाताला लागणारे अगदी मोजके. पुढे १९४७ च्या सुमारास त्याच्या मुलाने, बड टुटमार्कने, सेरेनेडर नावाने पुन्हा प्रयत्न केला, तोही फारसा चालला नाही.

त्याच काळात रिकनबॅकर, रीगल, वेगा यांनीही विद्युत बेस काढले होते, पण ते सगळे उभे आणि बिनपडद्याचे, म्हणजे डबल बेसचं (उभं धरून वाजवायचं, व्हायोलिनसारखं पण भलं मोठं वाद्य) पोट कापून राहिलेली काठी म्हणा ना. काही जण त्यांनाही बेस गिटारच्या वंशावळीत बसवतात, ते ओढूनताणून वाटतं. वाजवणाऱ्याचा हात त्यात बदलत नाही, बेस गिटारमध्ये तो पूर्ण बदलतो.

तर मग पहिला कोण? सिॲटलचे इतिहासकार पीटर ब्लेचा यांनी ऑडिओव्हॉक्सचा माग काढल्यापासून टुटमार्कचं पारडं जड झालंय, आणि आधी कुणी केलं एवढाच प्रश्न असेल तर उत्तर टुटमार्क हेच, त्यात वाद नको. पण टुटमार्कपासून फेंडरपर्यंत धागा जोडता येत नाही. लिओने ते वाद्य पाहिलं होतं याचा पुरावा कुणी पुढे आणलेला नाही, आणि दोन्ही वाद्यं शेजारी ठेवली तर फरक दिसतो. ऑडिओव्हॉक्सच्या तारेची लांबी गिटारपेक्षा थोडीच जास्त, साधारण ३० इंच. प्रिसिजनची ३४. हे चार इंच किरकोळ वाटतात पण खर्जाची तार सैल न पडता सुरात राहायला त्यांचा मोठा उपयोग होतो, आणि आजही स्टँडर्ड माप ३४ इंचच आहे. शिवाय वजन तोलायला वरचं शिंग पुढे काढलेलं ते दोन शिंगांचं अंगही प्रिसिजनचं, फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारला ते नंतर १९५४ मध्ये आलं. म्हणून कल्पना टुटमार्कची पण आज वाजतं ते वाद्य फेंडरचं, हे मत जास्त पटतं.

प्रिसिजन हे नाव पडद्यांवरून. डबल बेसवर बोट केसभर सरकलं की सूर गेला, इथे पडदा आहे म्हणजे सूर जागेवरच. गिटारवाल्याला आठवडाभरात बेस वाजवता यायला लागला हा त्याचाच परिणाम, आणि बेसवाला म्हणजे फसलेला गिटारवाला हा टोमणासुद्धा.

सुरुवातीच्या वाजवणाऱ्यांत जॅझवाल्या लायोनेल हॅम्प्टनच्या बँडचं नाव आधी येतं. तिथे रॉय जॉन्सन हे वाद्य वाजवत होता आणि १९५२ च्या उन्हाळ्यात डाउन बीट या संगीताच्या नियतकालिकात त्यावर लिहूनही आलं. त्याच्या मागून आलेला मंक माँटगोमेरी १९५३ पासून रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतो. नंतर बराच काळ कुठल्याही कंपनीचा असला तरी लोक त्याला फेंडर बेसच म्हणायचे.

अँप : माझ्या मते खरा इतिहास इथे आहे, आणि बेसवरच्या लिखाणात याला नेहमी शेपटाची जागा मिळते. अँपशिवाय बेस गिटार म्हणजे तारा बांधलेली फळी, दोन हातांवर बसलेल्यालाही धड ऐकू येत नाही. फेंडरने १९५२ मध्ये बासमन अँप आणला, एक १५ इंची स्पीकर, पॉवर आजच्या हिशोबाने चिल्लर. पुढे त्याची दहा इंची चार स्पीकरची आवृत्ती आली ती गिटारवाल्यांनीच पळवली आणि मार्शल या ब्रिटिश कंपनीचा पहिला अँप तिच्यावरूनच बेतला गेला. बेसवाल्यांसाठी काही केलं की ते शेवटी गिटारवाल्याकडे जातं, ही तक्रार तेव्हापासूनची.

अडचण भौतिकशास्त्राची आहे. तेवढाच आवाज हवा असेल तर एक सप्तक खाली उतरल्यावर स्पीकरच्या कोनला चौपट हलावं लागतं. गिटारची जाड तार ८२.४ हर्ट्झ, बेसची ४१.२, म्हणजे गिटारवाला ज्या स्पीकरवर खुशाल वाजवतो तो बेसने फाटतो. वर माणसाचा कान खालच्या सुरांना मुळात मठ्ठ. म्हणून १९६९ मध्ये अँपेग कंपनीने एसव्हीटी नावाचा अँप काढला, ३०० वॅट, व्हॉल्व्हचा, नुसतं हेडच ३५ किलोच्या वर आणि खाली दहा इंची आठ स्पीकरचं फ्रिजएवढं कॅबिनेट. गंमत म्हणजे असल्या बंद कॅबिनेटचा आवाजही ४० हर्ट्झला बऱ्यापैकी पडलेला असतो. ई तार वाजवली की आपण जास्त करून ८२ आणि १२३ हर्ट्झचे वरचे स्वरांशच (मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट) ऐकत असतो आणि त्यांच्या अंतरावरून मूळ सूर मेंदू भरून काढतो. मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरवरही बेसची चाल कळते ती यामुळेच. आता क्लास डी नावाचे हलके अँप आलेत, ५०० वॅट दोन-तीन किलोत, पाठदुखी गेली. आठ ओहमची दोन कॅबिनेट जोडली की चार ओहम होतात आणि अँप तेवढं झेपवणारा हवा, एवढं मात्र बघून घ्यायचं. गिटारची केबल स्पीकरला लावू नये हेही.

रचना : अंग, स्क्रूने किंवा चिकटवून बसवलेली मान, खुंट्या, ब्रिज (अंगावर तारा टेकतात तो भाग), पिकअप (तारेच्या कंपनांचा विजेचा सिग्नल करणारं चुंबक आणि वेटोळं). प्रिसिजनचा मूळ पिकअप साधा एका कॉइलचा होता, १९५७ मध्ये तो दोन तुकड्यांत फोडला आणि गूं-गूं आवाज गेला. १९६० चा जॅझ बेस दोन पिकअपचा, मान खुंट्यांकडे बारीक. पी (प्रिसिजन) की जे (जॅझ) हा वाद कधीच मिटणार नाहीये, ढोबळ मानाने पी बँडच्या गर्दीत बसतो आणि जे एकटा जास्त छान वाटतो. गिब्सनचा १९५३ चा व्हायोलिनच्या आकाराचा बेस, रिकनबॅकरचा १९५७ चा ४०००, जर्मनीतला पोकळ हॉफनर ५००/१ हे बाकीचे जुने. यातला हॉफनर बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीमुळे प्रसिद्ध झाला. १९६१ ला हॅम्बुर्गमध्ये घेतलेला त्याचा बेस १९७२ मध्ये चोरीला गेला आणि परत मिळाल्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं.

म्युझिक मॅनच्या स्टिंगरेने १९७६ मध्ये बॅटरीवरचा प्रीअँप (अँपच्या आधी सिग्नल वाढवणारं सर्किट) बेसच्या पोटात आणून रुळवला, त्याला ॲक्टिव्ह म्हणतात. यात ९ व्होल्टची बॅटरी असते आणि केबल खोचली की ती चालू होते, म्हणजे केबल तशीच ठेवून झोपलात तर सकाळी बॅटरी मेलेली. मरताना ती एकदम मरत नाही हा खरा घोळ. एकदा शोमध्ये तिसऱ्या गाण्याला माझा आवाज फाटका यायला लागला, मी आधी अँप बघितला मग केबल बदलली मग पेडल काढून टाकली, ड्रमर माझ्याकडे बघतोय, आणि चौथ्या गाण्यात आवाज पार बसला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तेव्हापासून बॅगेत एक सीलबंद बॅटरी आणि छोटा स्क्रूड्रायव्हर असतोच, कारण बॅटरीच्या झाकणाला स्क्रू असतात हे पण स्टेजवरच कळतं.

लाकडाने आवाज बदलतो का यावर लोक तावातावाने बोलतात. भरीव अंगाच्या वाद्यात तार, बोट, पिकअप आणि स्पीकर यांचा वाटा मोठा आणि अंगाच्या लाकडाचा लहान, असं मानणाऱ्यांकडे माझा कल आहे. मानेचं मात्र तसं नाही. जी तारेवर पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास बऱ्याच बेसवर एखादा सूर ठक्कन विझतो, आस राहत नाही, त्याला डेड स्पॉट म्हणतात. तिथे मानेची स्वतःची कंपनं तारेची ऊर्जा खाऊन टाकतात, जर्मन संशोधक हेल्मुट फ्लाइशर यांनी ते मोजून दाखवलंय. खुंट्यांच्या टोकाला छोटा क्लॅम्प लावून बघा, डेड स्पॉट जात नाही पण शेजारच्या पडद्यावर सरकतो.

तारा : वर गुंडाळलेली बारीक तार सपाट की गोल यावरून दोन प्रकार, सपाट वेटोळ्याच्या आणि गोल वेटोळ्याच्या. सपाट म्हणजे बुटका, डबल बेसकडे झुकणारा आवाज, गोल म्हणजे धातूचा खणखणाट आणि थोडी जवारी. रोटोसाउंडच्या गोल तारा १९६६ च्या सुमारास द हू बँडच्या जॉन एंटविसलबरोबर जमवत तयार झाल्या. उलट मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवाला जेम्स जेमरसन सपाट तारा तुटेपर्यंत बदलायचा नाही.

वादनपद्धती : बोटं, पिक (बोटांत धरायची छोटी चकती), स्लॅप (तार अंगठ्याने आपटून आणि उपटून). जेमरसन उजव्या हाताच्या एकाच तर्जनीने वाजवायचा आणि एवढं करून १९७१ पर्यंत अल्बमवर त्याचं नाव येत नव्हतं. कॅरोल के मूळची गिटारवाली, १९६३ च्या सुमारास एका रेकॉर्डिंग सेशनला बेसवाला उगवला नाही म्हणून बसली ती बेसवरच राहिली, वाजवायची पिकने. स्लॅप लॅरी ग्रॅहमचा. आईबरोबर वाजवताना ड्रमर उरला नाही तेव्हा त्याने बेस ड्रमच्या (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) जागी अंगठा आपटला आणि स्नेअर या खणखणीत ड्रमच्या जागी तार उपटली. बिनपडद्याच्या बेसवर मींड घेता येते, बेसवादक जॅको पास्टोरियसने जॅझ बेसचे पडदे काढून खाचा बुजवल्या आणि वर बोटींना लावतात तो इपॉक्सी चढवला होता. पण नवशिक्याला कुणी सांगत नाही ती गोष्ट म्हणजे तार वाजवण्याइतकंच ती दाबून गप्प करणं हे काम आहे. ई तार मोकळी राहिली की शेजारच्या आवाजानेच गुणगुणायला लागते आणि सगळा गाळ होतो.

पाच आणि सहा तारा : फेंडरने १९६५ मध्ये पाच तारांचा बेस काढला पण जास्तीची तार वरच्या सुराची दिली आणि पडदे फक्त १५, कुणी घेतला नाही. खालची बी तार (३०.९ हर्ट्झ) आली १९७० च्या दशकाच्या मध्यावर, बेसवादक अँथनी जॅक्सनने वाद्य बनवणाऱ्या कार्ल थॉम्पसनकडून सहा तारांचा बनवून घेतला तेव्हा. तिचा प्रसार झाला तो पुढे सिंथेसायझरचे खोल सूर गाठायची वेळ आल्यावर.

स्टेजवर : बेसची लाट लांब असते म्हणून अँपजवळ ऐकू येत नाही, ती "उलगडायला" जागा लागते, असं सर्रास सांगतात. ४१ हर्ट्झची लाट ८ मीटरच्या वर आहे हे खरं, पण कानाला दाब कळतो, अख्खी लाट जवळून जायची वाट कान बघत नाही, नाहीतर हेडफोनवर बेस ऐकूच आला नसता. खरी कारणं दोन. कॅबिनेट जमिनीवर असतं, त्याचे वरचे स्वरांश सरळ गुडघ्यांना जाऊन लागतात आणि कानापर्यंत नुसती घुमघुम पोचते, खुर्चीवर ठेवा किंवा तिरकं करा, निम्मा त्रास गेला. दुसरं कारण मागची भिंत. स्पीकर भिंतीपासून १ मीटरवर असेल तर साधारण ८६ हर्ट्झला सरळ आणि परतलेला आवाज एकमेकांना खातात, म्हणजे डी तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा एफ जवळपास गायब. तेव्हा नॉब फिरवण्याआधी कॅबिनेट भिंतीला चिकटवून बघायचं.

प्रेक्षकांना ऐकू जातो तो बहुतेक वेळा हा अँप नसतोच. डीआय बॉक्समधून (बेस मिक्सरला जोडायचा डबा) सिग्नल थेट मिक्सरला जातो आणि साउंडवाला तिथून देतो, त्यामुळे स्टेजवर अँप वाढवला की समोरचा बेस उलट गढूळ होतो आणि दोघांत जुंपते. एकट्याने घरी जमवलेला गुबगुबीत आवाज बँडमध्ये बुडतो, तिथे मधल्या पट्टीतलं, साधारण ५०० ते ८०० हर्ट्झचं, थोडं वाढवावं लागतं, एकटं ऐकलं तर नाकातलं वाटतं पण ड्रमच्या वर तेच तरंगतं. आणि कानात बोळे घालावेत, झांजा शेजारीच असतात.

हल्ली बऱ्याच स्टेजवर अँप ठेवतच नाहीत, सगळ्यांच्या कानात इन-इअर (कानात घालायचे छोटे स्पीकर). सूर स्वच्छ ऐकू येतो, पण अँपच्या धक्क्याने हलायचा तो पँटचा पाय हलत नाही. त्यावर पायाखाली थरथरणारी फळी किंवा पट्ट्याला लावायचा छोटा कंपक मिळतो, आवाज न करता फक्त अंगाला बेस जाणवून द्यायला.